यार मनी हुडुग?

आमच्या सीमाभागात अनोळखी पोर दारात उभं राहिलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठी घर असेल तर, "कुणाचा रे तू?" आणि कानडी घर असेल तर, "यार मनी हुडुग?" म्हणजे कुणाच्या घरचा मुलगा. नाव मागाहून विचारतात, घर आधी. घर कळलं की गाव कळतं, आजोबा कळतात, एखादं जुनं भांडण असेल तर तेही आठवतं, आणि मगच पोराला नुसतं पाणी द्यायचं की चहा टाकायचा हे ठरतं.

माझी सासुरवाडी गोकाकची. सासूबाईंना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो. त्या आता आमच्याकडेच, बेळगावात असतात. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे जर्मनीत, न्यूर्नबर्गला दोन महिने राहून आलो. बॅगा उघडल्या तेव्हा माझ्या लोकरी मोज्यातून एक खेळण्यातला शिपाई निघाला. बोटभर उंची, करडे-हिरवे कपडे, खांद्याला बंदूक. अव्वांनी चष्मा लावला, त्याला खिडकीच्या उजेडात धरलं, उलटासुलटा केला आणि मला विचारलं, "यार मनी हुडुग?"

हसू नका मंडळी. नेमका हाच प्रश्न घेऊन मी तिथे दीड महिना काढला होता.

त्याचं असं झालं. मुलगी राहते त्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहतात. वय शहाऐंशी. सगळी मुलं त्यांना ओमा म्हणतात, म्हणजे आजी. आमचा नऊ वर्षांचा नातू शाळेतून आला की आधी त्यांच्याकडे डोकावतो. जावई धारवाडचे, त्यामुळे पोरगं आईशी मराठी, बापाशी कानडी आणि ओमांशी जर्मन बोलतं. माझा दुभाषी तोच. दुभाषी म्हणून तो फार काटकसरी आहे. ओमा पाच मिनिटं बोलल्या, तर हा मला सांगणार, "ती हो म्हणाली."

एके दिवशी ओमांनी त्याच्याकरवी मला खाली बोलावलं. टेबलावर एक जुनी लाकडी पेटी होती. आत कापसावर निजवलेले शिपाई, एकूण सव्वीस. ओमांचा थोरला भाऊ वारल्यावर पेटी त्यांच्याकडे आली होती. लहानपणी त्यांना हात लावायची परवानगी नव्हती, कारण ती मुलाची खेळणी. वडील १९४४ साली पूर्वेच्या आघाडीवर गेले ते परत आले नाहीत. तेव्हा ओमा सात वर्षांच्या होत्या. वडिलांचा आवाज आठवत नाही, चेहरा फोटोतला आठवतो. एकच गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आठवते: स्वयंपाकघर, शेगडी, वडिलांच्या हातात पळी आणि पळीत वितळलेलं चकचकीत शिसं. "हे सगळे शिपाई पपांनी केलेत," ओमा म्हणाल्या. हे वाक्य नातवानं एकही शब्द न गाळता सांगितलं.

त्यांच्या मुलाला ती पेटी विकायची होती. जुन्या वस्तूंचा कुणी व्यापारी येऊन पाहून गेला होता. बिननावाचा माल आहे, सगळ्यांचे मिळून चाळीस युरो देतो, असं त्याचं म्हणणं. ओमांना विकायचं नव्हतं. त्यांना पेटीत एक चिठ्ठी लिहून ठेवायची होती, की हे कुणी केलं. आपण गेल्यावर निदान चिठ्ठी तरी कुणी वाचेल. पण लिहिण्याआधी खात्री हवी. मी निवृत्त शिक्षक, वेळ रिकामा, आणि नातवानं परस्पर सांगून टाकलं होतं, की आजोबांना सगळं येतं.

मला त्यातलं काहीही येत नव्हतं. पण न्यूर्नबर्गला राहून खेळण्यांबद्दल अडाणी राहणं म्हणजे बेळगावात राहून कुंदा न खाणं. शहरात खेळण्यांचं मोठं संग्रहालय आहे, दरवर्षी जगातली खेळणी विकायला येतात ती जत्राही इथलीच. उत्तरेला कुल्मबाख गावी प्लासेनबुर्ग नावाच्या किल्ल्यात कथलाच्या शिपायांचं संग्रहालय आहे, तिथे तीन लाखांवर आकृत्या मांडल्या आहेत. मुलीनं दोन्ही ठिकाणी नेलं. बायको किल्ल्यात दुसऱ्याच दालनात बाकावर बसली आणि म्हणाली, "तुमची मोजणी झाली की हाक मारा."

तिथे पहिला धडा मिळाला. शिपाई हातात आला की आधी कपडे बघायचे नाहीत. आपण बेळगावकर टोपीवरचा लाल-हिरवा तुरा पाहून दुरून सांगतो, हा मराठा लाइट इन्फंट्रीचा. पण खेळण्यातल्या शिपायाचा गणवेश सांगतो तो कोणत्या सैन्याचा आहे, त्याला कुणी बनवलं ते सांगत नाही. ड्रेस्डेनच्या हायडे यांच्या कारखान्यातून रोमन सैनिकांपासून पुढच्या साऱ्या जगाच्या फौजा ओतून बाहेर पडल्या. म्हणून आधी बघायचं ते अंग. चपटं आहे की भरीव, शिशाचं आहे की आणखी कशाचं.

चपटे शिपाई हे न्यूर्नबर्गचं खास काम. अठराव्या शतकात, १७७० च्या दशकात, हिल्पर्ट नावाच्या कथील ओतणाऱ्या कारागिरानं ते नावारूपाला आणले. पुढे १८३९ मध्ये एर्न्स्ट हाइनरिक्सन यांचा कारखाना निघाला आणि साधारण तीस मिलिमीटरची उंची रूढ झाली. हा शिपाई जाडीला नाण्याएवढा. पाटीच्या दगडाचे दोन तुकडे घ्यायचे, दोन्हींत समोरासमोर अर्धी अर्धी आकृती उलटी कोरायची, दोन्ही तुकडे घट्ट दाबून वरून कथील-शिशाचा रस सोडायचा. दगड कोरणारा खरा कलावंत. कधी कधी पायाखालच्या पट्टीवर बारीक अक्षरं सापडतात. ती कारखानदाराची असतील किंवा कोरणाऱ्याची. मग नग नेमका कुणाचा म्हणायचा?

आणि रंग? रंगकाम घरोघरी चाले. कारखाना कोरे शिपाई घरी पाठवी, बायका आणि मुलं जेवणाच्या टेबलावर बसून रंगवत, मजुरी अगदी किरकोळ. डबीवर नाव मालकाचं. हे वाचताना मला आपली निपाणी आठवली. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांची नावं कुठल्या कट्ट्यावर छापली होती? शंभर वर्षांनी एखादा जर्मन गृहस्थ निपाणीच्या विडीचा "कर्ता" शोधायला आला, तर त्याला लेबलवरचा शेटच सापडेल.

असो. ओमांच्या पेटीत चपटे शिपाई नव्हते. सगळे भरीव, चहूबाजूंनी गोलाई असलेले. त्यांचे दोन गट आहेत हे नातवानं शोधलं, आणि तेही फ्रिजवर चिठ्ठ्या अडकवायच्या चुंबकानं. सात शिपाई छोटे पण हाताला जड, आणि चुंबकाला दाद देत नव्हते. म्हणजे शिसं. आजीबाईंनी वरूनच बजावलं, "हात धुतल्याशिवाय खाऊला हात लावायचा नाही." बरोबरच आहे, शिसं विषारी. उरलेले एकोणीस उंच, सात-साडेसात सेंटीमीटरचे, पण हलके. त्यांच्या हातापायांशी चुंबक नेलं की ते किंचित ओढल्यासारखे हलत. आत लोखंडी तार.

हे एकोणीस म्हणजे जर्मन खेळण्यांतला एक मजेदार प्रकार. लाकडाचा भुसा, सुतार वापरतात तो सरस, खडूसारखी पांढरी माती आणि जवसाचं तेल असं मळायचं, तारेच्या सांगाड्याभोवती साच्यात दाबायचं, वाळवायचं आणि रंगवायचं. मी हे वाचलं आणि मोठ्यानं म्हणालो, "अरे, ही तर किन्नाळची बाहुली!" कोप्पळ जिल्ह्यातल्या किन्नाळचे चित्रगार लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ मिसळून लगदा करतात, हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत असेल. कृती दोन खंडांत वेगवेगळी जन्मली, पण भुसा फुकट जाऊ नये ही काळजी दोन्हीकडची सारखीच.

या लगद्याच्या शिपायांची दोन घराणी मोठी. एक हाउसर यांचं. ऑटो आणि माक्स हे भाऊ, १९०४ साली लुडविग्सबुर्गला त्यांनी धंदा मांडला, आणि १९३६ मध्ये कारखाना कोबुर्गजवळच्या नॉयश्टाटला नेला. त्यांच्या मालाचं नाव एलास्टोलीन. दुसरं घराणं लिनेओल. ऑस्कर वीडरहोल्ट्स यांनी ते १९०६ साली हाफेल नदीकाठच्या ब्रांडेनबुर्ग शहरात सुरू केलं. त्यांच्या शिक्क्यात तीन हंस आहेत. सराईत माणूस चेहऱ्यावरून दोघांतला फरक ओळखतो म्हणतात. आपल्याला जसं तोंड उघडलं की कळतं, हा मनुष्य खानापूरकडचा की चिक्कोडीकडचा, तसंच असणार. मला चेहऱ्यावरून काही कळेना. सगळे सारखेच रागावलेले दिसत होते.

पण या दोन घराण्यांना धाकटी भावंडंही पुष्कळ होती, आणि खरा घोळ त्यांचाच. व्हिएन्नात एमिल फायफर यांनी टिपल-टॉपल नावानं असेच शिपाई काढले होते. १९२० च्या दशकात त्यांचा हा धंदा हाउसर यांच्याकडे गेला. कारखाना विकला जातो तेव्हा त्याच्याबरोबर साचेही जातात. म्हणजे तोच शिपाई, तीच ऐट, फक्त बापाचं नाव बदललेलं. त्यातून एकमेकांची नक्कल करायची खोड सगळ्यांनाच. चांगला चालणारा नमुना दिसला, की थोडा फेरफार करून आपला म्हणून विकायचा. म्हणून एकट्या शिपायाकडे बघून निकाल देणारा माणूस बहुधा चुकतो. शोधणारे जुनी कॅटलॉगं काढतात, मूळ खोका सापडला तर तो जन्मदाखल्यासारखा जपतात, बैठकीचा आकार आणि जाडी मोजतात, बंदूक धरायची पद्धत जुळवतात. ड्रेस्डेनच्या हायडेंच्या बाबतीत तर आणखी पंचाईत. त्यांच्या शिपायांवर सहसा खूणच नसते, आणि फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात कारखानाच नष्ट झाला.

बैठकीखालची अक्षरंही फसवतात. "जर्मनी" एवढंच लिहिलेलं असेल तर ते परदेशी पाठवायच्या मालावरचं. इंग्लंडनं १८८७ मध्ये कायदा करून परदेशी मालावर मूळ देश लिहायला भाग पाडलं, अमेरिकेनंही १८९० मध्ये तेच केलं. डी.आर.जी.एम. ही चार अक्षरं दिसली, की नवखा माणूस आनंदानं उडी मारतो, सापडली कंपनी! ती कंपनी नव्हे. १८९१ च्या कायद्यानुसार नमुन्याची सरकारदरबारी नोंद झाली आहे, एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडे जुन्या पितळी कुलपावर "रजिस्टर्ड" वाचून ते कंपनीचं नाव समजावं, तसं. आणि "यू.एस. झोन" असं असेल तर शिपाई दुसऱ्या महायुद्धानंतरचा, जर्मनीचे चार वाटे झाले होते तेव्हाचा.

एवढं शिकून मी ओमांकडे गेलो आणि अडलो. कारण एकाही शिपायाचा तळ उघडा नव्हता. सगळ्यांच्या पायाखाली हिरव्या बनातीचा तुकडा काटेकोर कापून चिकटवलेला. टेबलावर चरे पडू नयेत म्हणून आईनं चिकटवले, असं ओमा म्हणाल्या. म्हणजे अक्षरं असलीच तर बनातीखाली. तो व्यापारी बिननावाचा माल म्हणाला तो याच भरवशावर. त्याला खाली काय असू शकतं हे ठाऊक नव्हतं यावर मी विश्वास ठेवत नाही. नाव निघालं की भाव बदलतो.

बनात काढायची का, हे मी नातवाकरवी विचारलं. ओमा बराच वेळ गप्प बसल्या. मला वाटलं, आईचा हात लागलेली बनात आहे म्हणून. नंतर लक्षात आलं, कारण वेगळं होतं. खाली काय निघेल याची शंका त्यांनाही होती.

शेवटी एक काढा म्हणाल्या. मी ओलं फडकं मागितलं, तेवढ्यात मुलगी धावली. सरसाच्या वस्तूला पाणी लावलं तर ती फुगून उमलते. आत ओल गेली की तार गंजते, गंजलेली तार जाडावते आणि शिपायाला आतून तडा जातो. आपल्या बेळगावच्या जुलै-ऑगस्टात असली पेटी दोन वर्षंसुद्धा टिकली नसती. मग बोथट पातळ सुरीनं, कोरडंच, कडेकडेनं सोडवलं. सत्तर-ऐंशी वर्षांची खळ, पापुद्रा होऊन सुटली. खाली साच्यातच उमटलेली अक्षरं होती. नातवानं एकेक लावून वाचली, "ए-लास-टो-लीन."

ओमांनी शिपाई हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. "आणखी," असं त्या म्हणाल्या. दुसऱ्याखालीही तेच. तिसऱ्याखाली लिनेओल. चौथ्याखाली काहीच नाही, स्वच्छ सपाट तळ. हा कुणा धाकट्या भावंडाचा असावा. त्याचं घर मला शेवटपर्यंत लागलं नाही. भुशाचा, तारेवरचा, एवढंच त्याच्याबद्दल खात्रीनं सांगता आलं.

पाचवा शिपाई वेगळा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. मी उलगडला. तपकिरी सदरा, आणि वर उचललेला उजवा हात कोपरापासून मोडलेला, तार बाहेर आलेली. हा सैनिक नव्हता. हिटलरच्या पक्षाच्या टोळीतला होता. १९३० च्या दशकात दोन्ही घराण्यांनी असले पुतळे काढले. खुद्द हिटलरचे काढले, हात वरखाली होणारे. जर्मन घरांतल्या मुलांनी ते जमिनीवर मांडून संचलनं केली. आज त्यांच्यावरचं स्वस्तिकासारखं चिन्ह उघड मांडायला तिथे कायद्यानं बंदी आहे, विकणारे त्यावर कागद चिकटवतात. युद्ध संपल्यावर जर्मनीत युद्धाची खेळणी करायलाच बंदी आली, आणि हाउसर यांचा कारखाना गाईगुरं आणि जंगली जनावरं करू लागला. पुढे प्लॅस्टिकचे काउबॉयही आले. १९८३ मध्ये तोही बंद पडला. घरातल्या तपकिरी शिपायांचं लोकांनी काय केलं असेल? कुणी चुलीत घातले, कुणी रंग फासले. या एकाचा हात पडून मोडला की कुणी मोडला, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. ओमांनी तो माझ्या हातून घेतला आणि स्वतः गुंडाळला. त्या खूप बोलल्या. नातू म्हणाला, "ती म्हणते, याच्याशी खेळायचं नाही."

उरलेल्या चौदांची बनात मग काढली नाही. त्यांनी काढू दिली नाही, असं म्हणणं खरं. माझा हात शिवशिवत होता हे कबूल करतो.

सात शिशाचे राहिले होते. इथे बनात काढायची गरजच पडली नाही. त्यांच्या कुशीवरून, टोपीच्या टोकापासून बुटापर्यंत एक उंच रेघ होती, दोन साचे जुळतात तिथली. कारखान्यात ही रेघ कानशीनं घासतात. इथे कुणी घासलेली नव्हती. एकाची बंदूक अर्धीच ओतली गेली होती, रस टोकापर्यंत पोचलाच नाही. दोघांचा रंग एवढा जाड, की कोटाची बटणं बुजून गेलेली. हे घरी ओतलेले होते.

हेही एक मोठं प्रकरण आहे. लाइपझिगचे श्नायडर बंधू शिपाई ओतायचे साचेच विकत. धातूचे साचे, लाकडी मुठीचे. बापानं विकत आणायचे, जुने नळ आणि तुटके शिपाई पळीत वितळवायचे आणि पोराला पलटण ओतून द्यायची. असल्या शिपायाचा कर्ता कोणत्याही कॅटलॉगात सापडत नाही. साचा एका घरचा आणि हात दुसऱ्या घरचा. संग्राहक त्याला किंमत देत नाहीत.

मी ओमांना सांगितलं, हे सात घरी केलेले आहेत. त्यांचा चेहरा असा उजळला, की माझ्या पोटात कालवलं. कारण आदल्याच रात्री मुलीनं मला एक गोष्ट सांगितली होती. जर्मनीत एकतीस डिसेंबरच्या रात्री घरोघर चमच्यात शिसं वितळवून थंड पाण्यात टाकायची जुनी चाल होती. जो आकार होईल त्यावरून येत्या वर्षाचं भविष्य सांगायचं. २०१८ पासून शिशाला बंदी आल्यावर लोक आता मेण किंवा कथील वापरतात. म्हणजे ओमांनी शेगडीपाशी पाहिलेलं शिसं शिपायांचंच होतं, असं कुठे आहे? ती नववर्षाची रात्रही असू शकेल. आणि शिपाई ओतणारा तेरा-चौदा वर्षांचा भाऊही असू शकेल.

हे बोलावं की नाही? मास्तरकीची सवय वाईट असते. चूक दिसली की लाल शाई हातात येते. मी गप्प राहिलो, पण ते गप्प राहणं मला आवडत नव्हतं. चिठ्ठीवर उद्या जे लिहिलं जाईल ते माझ्या भरवशावर लिहिलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी रिकामी करून झाकण उन्हात धरलं. आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, कुंचला पुसल्याचे फटकारे होते. करडा-हिरवा, थोडा लाल, थोडा गव्हाळ. शिशाच्या सात जणांच्या अंगावर होते तेच रंग, तेवढेच जाड. म्हणजे ही मंडळी या पेटीशेजारी बसून रंगवली गेली होती, याच घरात. एवढं पक्कं. कुणाच्या हातानं, ते त्या फटकाऱ्यांत नव्हतं.

मी नातवाला समोर बसवलं आणि एकेक वाक्य तोडून सांगितलं, गाळायचं नाही म्हणून दम दिला. रंगाचं सांगितलं. भावाचं सांगितलं. नववर्षाच्या रात्रीचंही सांगितलं. ओमा ऐकत होत्या. शिशाची गोष्ट आली तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, की दरवर्षी रात्री त्यांना झोपवून टाकत, त्यामुळे ते असेल असं वाटत नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण एखाद्या वर्षी जागी राहिलेही असेन."

मग त्यांनी कागद घेतला. जुन्या वळणाच्या सुबक अक्षरांत दोन ओळी लिहिल्या आणि नातवाला वाचायला दिल्या. त्यानं मला मराठीत सांगितलं: "सात आमच्या स्वयंपाकघरात ओतलेले. बाकीचे दुकानातले." वडिलांचं नाव लिहिलं नव्हतं, भावाचंही नाही. कागदाची घडी करून त्यांनी ती पेटीच्या तळाशी, कापसाखाली ठेवली.

आम्ही निघालो त्या दिवशी त्यांनी नातवाला एक शिपाई दिला, चौदांपैकी. नातवानं तो मला दिला. त्याला डायनोसॉर जास्त आवडतात.

हे सगळं मी अव्वांना कानडीत सांगितलं. माझं कानडी बाजारापुरतं, त्यामुळे बायकोला मधे मधे दुरुस्ती करावी लागली. अव्वा ऐकताना शोकेसकडे बघत होत्या. तिथे त्यांच्या लग्नातली गोकाकची रंगीत फळं आहेत, लाकडाची. आंबा, सीताफळ, डाळिंब. साठ-पासष्ट वर्षं झाली, डाळिंबाचा रंग अजून तसाच आहे. "ही कुणी केली होती, आठवतं का?" मी विचारलं. अव्वा म्हणाल्या, बाजारातून आणली होती, करणाऱ्याचं कोण विचारतो. मग थोडं थांबून एक नाव सांगितलं. त्याला दोन मुली होत्या आणि त्यातली एक अव्वांच्या वर्गात होती, असंही सांगितलं.

शिपायाला आम्ही सीताफळाशेजारी उभा केला. आता तो जरा पुढे झुकतो, पावसाळ्यात त्याला तांदळाच्या डब्यात ठेवावा की काय असा विचार चालू आहे. परवा दुपारी मी पेपर वाचत होतो. अव्वांनी त्याला खाली काढला, पदरानं पुसला, उलटा केला आणि हिरव्या बनातीच्या कडेला नख लावलं.

"ब्याड अव्वा," मी म्हणालो. "असू दे तसंच."

"बघितल्याशिवाय कळणार कसं?" त्या म्हणाल्या, आणि नख काढलं नाही.